रकान्यातली आडवी रेघ

सोमवार, ता. ९

अडतीस! शंभरातलं फक्त अडतीस बी उगवलं. सूर्यफुलाच्या बियाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल सकाळच्या टपालात आला. तीनदा वाचला — जणू वाचून आकडा वाढणार होता. पास व्हायला सत्तर लागतात.

आणि बियाणं आहे कुठे? वाटून झालंय. पेरणी तोंडावर आली म्हणून अहवालाची वाट न बघता गेल्या आठवड्यात मीच सही करून गोदाम उघडून दिलं. अकराशे पोती घरोघर गेली. दुसरं बियाणं आसपास कुठेच नाही. हे उगवलं नाही तर लोकांचा हंगाम गेला, आणि तो माझ्या सहीने गेला.

मोठे साहेब फोनवर ओरडले नाहीत. हे लक्षण काही बरं नाही. शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या म्हणाले.

दुपारी दार लावून राजीनामा लिहिला. चांगल्या जाड कागदावर, शाईच्या पेनाने. एकतीस वर्षं नोकरी — सात ओळींत आटपली. घरी आणून रुमालांच्या खणात ठेवलाय. हिला सांगितलं नाही.

मंगळवार, ता. १०

प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं — काढणी कधीची? म्हटलं, गेल्या महिन्यातली. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "साहेब, नमुन्यासोबतच्या अर्जात काढणीच्या तारखेच्या रकान्यात तर आडवी रेघ आहे."

आहेच. मीच मारली. रकाना रिकामा सोडायचा नाही, हा माझाच नियम. त्यासाठी किती जणांना झापलंय! तारीख हाताशी नव्हती, म्हणून रेघ मारली. आमच्याकडे रेघ म्हणजे 'नंतर भरू'. त्यांच्याकडे रेघ म्हणजे 'जुना साठा'. एकाच खात्यात, एकाच रेघेचे दोन अर्थ!

ताजं सूर्यफूल काढणीनंतर महिना-दीड महिना उगवत नाही. जुनं समजून तपासलं तर ते मेलेलंच दिसणार. बाई म्हणाल्या, "झोपलेलं असेल, तर पेरणीपर्यंत जागं होईल. मेलेलं असेल तर नाही. टरफल काढलं की झोपलेलं बी लवकर उठतं; तसं करून पुन्हा लावते, सोमवारी सकाळी सांगते." खात्री किती, असं विचारलं. तर म्हणाल्या, ते बियालाच विचारा.

म्हणून विचारतोय. नमुन्याच्या पिशवीतून शंभरावर थोडे जास्त दाणे घरी आणले. ही आणि मी जेवणाच्या टेबलावर टरफलं काढत बसलो. तिचे पन्नासच्या पन्नास अखंड, माझे सात फुटले. सात नवे घेतले, तेही तिनेच सोलले. ओल्या फडक्यात घालून ताटली ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. हे सगळं कशासाठी, ते सांगितलं. खणाचं नाही सांगितलं.

बुधवार, ता. ११

काही नाही. एकही नाही. फडक्याला वास यायला लागला म्हणून हिने दुपारी ते काढून कागद घातला.

गुरुवार, ता. १२

मी ताटलीला हात लावायचा नाही, असं फर्मान निघालंय. "अहो, तुमच्या हाताने सोलताना सात फुटले, अंकुर किती मोडतील?" मोजणी तिच्याकडे. मी ऑफिसातून फोन करून आकडा विचारायचा. आजचा आकडा — अकरा.

अकरा म्हणजे काहीच नाही. पण काल शून्य होतं!

गोदामवाल्याला सांगितलं, सोमवारपर्यंत कुणी पेरू नका म्हणावं. त्याने कारण विचारलं. म्हटलं, बी झोपलंय. तो हसला. साहेबांनाही बैठकीत हेच सांगितलं. ते म्हणाले, बी एकटंच झोपलं होतं का? सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

शुक्रवार, ता. १३

सेहेचाळीस.

शनिवार, ता. १४

शेजारच्या खोलीतले अधिकारी — सगळे त्यांना 'बघूया' म्हणतात — सकाळीच आले. अर्ज टंकलेखक मुलीने टाइप केलाय ना, मग रेघ तिचीच समजा, असा सल्ला. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नाही. मोह झाला नाही असं लिहिलं तर रोजनिशीशीच खोटं बोलल्यासारखं होईल. चहा संपेपर्यंत झाला होता.

खुलाशात लिहिलं, रेघ माझ्या हातची आहे. साहेबांनी वाचून घडी घातली. "निकाल येऊ दे," एवढंच म्हणाले.

घरी आलो. एकोणऐंशी! सत्तरच्या वर! दोनदा विचारलं. ती म्हणाली, मोजायला मलाही येतं.

रविवार, ता. १५

सत्त्याऐंशी. दाढी करताना गुणगुणत होतो म्हणे.

सोमवार, ता. १६

बाईंचा फोन साडेदहाला. अठ्ठ्याऐंशी! पास. झोपलेलंच होतं. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी तारीख लिहा. लिहीन, हजारदा लिहीन.

गोदामवाल्याला कळवलं, पेरा. साहेबांनी लेखी समज दिली — ती आनंदाने घेतली. समज घेऊन कुणी थँक्यू म्हटल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटतंय. दुपारी खुर्चीतच डोळा लागला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

राजीनामा फाडायला खण उघडला. रुमाल होते, कागद नव्हता. हिने ताटली पुढे केली. अंकुरांखाली जाड कागद, मुळं त्यातून आरपार गेलेली. शाई फुटली होती, पण खालची माझी सही ओळखू आली.

"वाचलास?"

"वाचला. मगच भिजवला."

बुधवारी. तेव्हा एकही बी उगवलेलं नव्हतं.