ट्रेडमिलच्या खोलीतला मासळीचा वास

आये, एका खोलीतला वास काढायला खरं काय लागलं ते आधी सांगून टाकतो. पांढऱ्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या, अर्धा किलो खायचा सोडा, सहा जुने सुती पंचे, डोंबिवलीहून नौपाड्याला स्कूटरच्या तीन फेऱ्या, आणि टिटवाळ्याहून येणाऱ्या एका बाईचं काम. यातलं शेवटचं मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. आज लिहितोय, तेही तुलाच.

तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. माझा धंदा काय आहे हे तुला माहीत नाही, आणि कळला असता तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. लोक आता घरातच जिम करतात. एक खोली त्यासाठी ठेवतात. त्यात चालायचा पट्टा, म्हणजे ट्रेडमिल, एक बाक, लोखंडाचे डंबेल, खाली रबरी चटई. दोन महिने घाम गाळतात, मग पट्ट्याच्या दांड्यावर टॉवेल वाळत घालतात आणि खिडकी लावून घेतात. घाम रबरात मुरतो, बाकाच्या शिवणीतून फोममध्ये शिरतो, आणि पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते. मग मला फोन. मी जातो, एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेऊन दांडे पुसतो, स्क्रीनला थेंबही लागू देत नाही, बाकावर सोडा भुरभुरवून तासभर ठेवतो, पट्ट्याखालची धूळ ओढून घेतो, चटई ऊन असेल तर उन्हात, नसेल तर पंख्याखाली उभी करतो. वर्तकनगरच्या एका जिममध्ये लादी पुसायला लागलेलो तेव्हा हे शिकलो. आता माझं कार्ड आहे. त्यावर लिहिलंय, कसलाही वास, कायमचा बंद. तू बाजारातून मासळी विकून आलीस की राख आणि लिंबाची साल घेऊन मोरीत हात घासत बसायचीस, कोपरापर्यंत. मला मात्र शाळेत जायला वासाचा साबण आणून दिलेलास, गुलाबी कागदातला. घरात दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही. तो साबण लावून मी पहिल्या बाकावर बसायचो आणि तू डब्बा द्यायला आलीस तर लांबूनच घ्यायचो. तुला ते कळत होतं. तू फाटकाच्या आत कधी आली नाहीस.

आता पुढचं कळायला तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. करोनात मला ताप आला, दहा दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. मला वास येत नाही. फिनेलचा नाही, फोडणीचा नाही, गॅस राहिला तर त्याचाही नाही. बायकोला माहीत आहे. रात्री सिलिंडरचा खटका तीच बघते. गिऱ्हाइकाला माहीत नाही, कारण मी पद्धत बदलली. मी नाक लावतच नाही. काम झालं की मालकिणीला म्हणतो, ताई, तुम्हीच बघा, तुमच्या नाकाइतकं खरं कुणाचं नाही. त्या खुश होतात. मी त्यांचा श्वास ऐकतो. वास असेल तर माणूस श्वास अर्ध्यावर तोडतो, नसेल तर पूर्ण घेतो. चार वर्षं धंदा असाच चाललाय, आणि वाढलाय.

नौपाड्यातलं घर एका काका-काकूंचं. दोघंच राहतात, मुलगा परदेशात. काकांचं बायपास झालेलं, डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलेलं, म्हणून मुलाने पट्टा पाठवला. मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलाय. शेजारी पडदा, मागे खाली विजेचा बोर्ड. श्रावणाचे दिवस होते, भिंती ओलसर. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "सांगायलासुद्धा लाज वाटते हो. आमच्या घरात अंडं आलेलं नाही कधी, आणि या खोलीत मासळीचा वास येतो."

काका पट्ट्यावर चालतच होते. म्हणाले, "हिला येतो. मला आपला घाम येतो." आणि स्वतःच हसले.

मासळी म्हटल्यावर माझ्या मानेवर काटा आला, आये. इतकी वर्षं झाली, कॉलरला इस्त्री असते, तरी पहिला विचार हाच की यांना माझाच येतोय का. काकूंनी मला आडनाव विचारलं, गावही विचारलं. मी डोंबिवली सांगितलं, खाडी सांगितली नाही. मग मान खाली घालून काम केलं, अगदी मन लावून. खोली पुसायला त्यांची बाई होती, पन्नाशीची, काटक, हिरव्या बांगड्या. पहाटे टिटवाळ्याहून निघायची आणि दुपारचा डबा त्या खोलीतच खाली बसून खायची. मला म्हणाली, "भाऊ, जरा पाय उचला." मी उचलले. मागचा बोर्ड मी बघितला नाही. विजेचं काम आपलं नाही, असं मी मानतो.

आठ दिवसांनी काकूंचा फोन. वास वाढलाय, आणि सकाळी काका चालतात तेव्हा जास्त येतो. मी परत गेलो. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा सोडा. काम झाल्यावर काकूंनी श्वास घेतला आणि अर्ध्यावर तोडला. काका पट्ट्यावरून उतरून टॉवेलने मान पुसत होते. मध्येच पट्ट्याचे दिवे मंद झाले आणि परत आले. "व्होल्टेज," काका म्हणाले. काकूंनी बाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

"तुझ्या डब्यात काय असतं गं?"

"आज शेपू आहे."

"आणि काल?"

"काकू, श्रावण चाललाय. महिनाभर आमच्या घरात सुकटसुद्धा नाही." तिने पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं. हिरवी भाजी, दोन भाकऱ्या. "बघा ना. वास घ्या."

काकूंनी घेतला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुमचा रोजचा धंदा आहे. मासळीचाच आहे ना हा वास?"

तिथे मला म्हणता आलं असतं की काकू, मला वासच येत नाही. एवढं एकच वाक्य. पण मग तो धंदा संपला, कारण काकूंचा बिल्डिंगच्या बायकांचा ग्रुप आहे आणि त्या तिथे पोथी वाचावी तशा नेमाने रोज लिहितात. मी खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो, डोळे मिटले, मोठा श्वास ओढला. त्यात काही नव्हतं. पांढरं, कोरं. आणि मी म्हणालो, "हो, मासळीच. सुक्या बोंबलाचा वास कपड्यांत राहतो, काकू. धुतले तरी जात नाही."

हे मी म्हणालो, आये. तुझी लुगडी दोरीवर पाहत वाढलेला मी.

डोंबिवलीच्या बाजारातली ती सकाळ तुला आठवते का? मी दहा-अकरा वर्षांचा. तू सुट्टे आणायला पलीकडे गेलेलीस आणि मी पाटीपाशी बसलोय. एक बाई विचारते, बोईट ताजे आहेत का रे? मी ऐटीत म्हणतो, एकदम. ती दोन उचलते, पिशवीत टाकते. तू येतेस, तिच्या पिशवीत हात घालतेस, बोईट काढून त्याचा कल्ला उघडतेस, नाकाशी नेतेस आणि मांजरांकडे भिरकावतेस. मग सगळ्या बाजारादेखत माझ्याकडे वळून, "कल्ला उघरून बगलास? नाय ना? मंग बोललास कशाला?" आवाज चढलेला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. आजूबाजूच्या बायका हसत होत्या, कुणी म्हणालं, जाऊ दे गं, पोर आहे. तू म्हणालीस, "पोर हाय म्हनूनच."

बाईला काकूंनी त्याच दिवशी जा म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. डबा बंद केला, पिशवीत ठेवला, चपला घातल्या. मी पंचे पिळत मोरीपाशी होतो. जाता जाता माझ्याजवळ थांबून म्हणाली, "भाऊ, तो मागचा बोर्ड एकदा हात लावून बघा. काल पुसताना चटका बसला." मी म्हणालो, "बघतो, बाई." तुझ्यासारखंच नाक होतं तिचं, बारीक, चमकीवालं. बोर्ड मी बघितला नाही. चटका म्हणजे ही बाई आता जाता जाता दुसऱ्या कशावर तरी ढकलतेय, असं वाटलं मला.

पुढचे दहा दिवस फोन आला नाही. मी गिऱ्हाइकांकडे जात होतो, पट्टे पुसत होतो, आणि रोज सकाळी सातच्या सुमाराला, काका चालत असतील त्या वेळेला, मला उगाच घड्याळ बघावंसं वाटायचं. बायकोने विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, कुणाची नाही. अकराव्या दिवशी काकूंचा फोन. आवाज बारीक झालेला. "ती गेली तरी वास आहेच हो. आता तर ह्यांनाही यायला लागलाय."

मी गेलो. काका घामाघूम, पट्टा चालू, पडदा मागच्या बोर्डाला टेकलेला. पुढचं मी सगळ्यांना असं सांगितलंय: आत पाऊल टाकल्या टाकल्या मला भिंतीतून चर्र असा बारीक आवाज आला, तव्यावर तुकडी सोडल्यासारखा. माझे कान तुला माहीतच आहेत. खाडीत होडी वळणावर असली की इंजिनावरून मी ओळखायचो, आपली की दुसऱ्याची. मी काकांना हाताला धरून खाली उतरवलं, धावत जाऊन मेन स्विच पाडला, पडदा ओढून बाजूला केला. बोर्डावरचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं. जाड पिनचा प्लग कुणीतरी कन्व्हर्टर लावून साध्या सॉकेटमध्ये घातलेला. आतली तार उघडी, काळी. पडद्याच्या काठाला बोटभर तपकिरी डाग. वायरमन आला, म्हणाला, असं प्लास्टिक तापलं की मासळीसारखाच वास मारतं, लोक महिनाभर गटार शोधत बसतात. अजून दोन दिवस गेले असते तर, असं म्हणून त्याने काकांकडे बघितलं आणि बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले.

काकूंनी माझे दोन्ही हात धरले. ग्रुपवर लिहिलं की या माणसाचे कान म्हणजे देवाची देणगी. त्यावरून मला सात घरं मिळाली. मी निघताना विचारलं, "काकू, त्या बाईंना परत बोलावणार का?" त्या म्हणाल्या, "आता नवीन ठेवलीय हो. आणि तिलाही बरं वाटायचं नाही, एकदा बोललो ते बोललो." काका दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत होते. बाईचा नंबर खालच्या वॉचमनकडे आहे. मी रोज तिथून जातो असं नाही, पण आठवड्यात दोनदा जातो. अजून मागितलेला नाही. मागितला तर काय बोलायचं तेही जुळवून बघितलं, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्याला अडकतो.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी तो पेटीतल्या सोड्याच्या डब्याखालीच ठेवला असता. एवढं लिहिलं आहे तर खरं तेही लिहितो. त्या दिवशी भिंतीतून कसलाही आवाज येत नव्हता, आये. बाईने सांगितलं होतं, म्हणून मी बोर्डाला हात लावला.