आत्याबाईंचा हात

जानेफळ, ता. ६ फेब्रुवारी १९६४

ती. शालिग्रामदादास,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं. सगळ्या फोटोंत माझे सासू-सासरे, आत्याबाई आणि मामाजी दोघंही, धुरात बसल्यासारखे दिसतात. मामाजींच्या मिशा तर दुहेरी. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याच्या बाजूला बसायचं म्हणून आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं होतं. फोटो पाहून त्यांनी लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि आता पुन्हा बसणार नाही म्हणाल्या. थोरल्या जाऊबाई बोलल्या, की विमलचा भाऊ चालत्या गाडीतून फोटो काढते काय. मलकापुरात गिऱ्हाइकांचे एवढे चांगले काढतोस, मग बहिणीच्याच घरी काऊन असं? जमत नसेल तर सांग, मेहकरहून दुसरा कोणी बोलावू.

वहिनीस नमस्कार. तुझ्यावर राग आहे, म्हणून इथंच थांबते.
विमल

मलकापूर, ता. ११ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. विमल हिस,
अ. उ. आ.

जाऊबाईंचं बोलणं वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. अगं, मी स्टँड आणला होता. तुझ्या मामाजींनीच तो अंगणाबाहेर काढायला लावला. असल्याच तीन पायांवर दुर्बीण ठेवून मोजणीवाल्यांनी सडकेसाठी त्यांच्या वावराचा काठ नेला, म्हणे. मग कॅमेरा हातात धरावा लागला. ही जड पेटी पोटाशी धरून वरून काचेत पाहायचं. काचेत डावं ते उजवं दिसतं. माणूस मधोमध घ्यायला जावं तर तो उलटा पळतो. त्यात ओसरीत उजेड कमी. शटर सावकाश मिटतं, तेवढ्यात श्वास हलला तरी दोघांचे चौघे होतात.

गिऱ्हाईक नसलं की सराव करून राह्यलो आहे. गळ्यातला पट्टा ताणतो, कोपरं बरगड्यांना लावतो, पाठ खांबाला टेकतो, अर्धा श्वास सोडून थांबतो आणि बोट हळू दाबत नेतो. तुझी वहिनी म्हणते, यांना पिसं लागलं. तरी परवाचा रोल धुतला, तर निम्म्याहून जास्त हललेले. स्वतःच्याच हाताचा असा संताप येतो. पण मी येणार. आत्याबाईंना माझ्यातर्फे हात जोडून सांग. या वेळी दोघांना अंगणात, निंबाखाली बसवू.

रागातही भावाला विसरू नकोस.
शालिग्राम

मलकापूर, ता. २ मार्च १९६४

चि. सौ. विमल हिस,
अ. उ. आ.

तुझ्या सांगण्यावरून आत्याबाई पुन्हा बसल्या, त्या दिवशीचे फोटो सोबत आहेत. मी निंबाच्या खोडाला पाठ टेकून उभा राहिलो म्हणून मिशीचा केस न् केस दिसतो. पण एकाच फोटोत मामाजींनी नीट समोर पाहिलं, आणि नेमका तोच बिघडला. मी बटण दाबायला आणि आत्याबाईंनी त्यांच्या खांद्यावरचं पान झटकायला एक गाठ पडली. चेहरे स्वच्छ, आणि खांद्यावर नुसता पांढुरका फराटा. या वेळी माझा हात हलला नाही, त्यांचा हलला. पण हे जाऊबाईंना कोण पटवणार? कंटाळलो गं. तो फाडून टाक. मी पुन्हा येतो.

माया राहू दे.
शालिग्राम

जानेफळ, ता. ९ मार्च १९६४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो फाडला नाही. मी फाडणार तोच मामाजींनी माझ्या हातून घेतला आणि दारात उजेडाला धरून कितीतरी वेळ पाहिला. मी सांगितलं, की आत्याबाईंचा हात हलला, दादा दुसरा काढून देईल. तर म्हणाले, त्याले सांग, येऊ नको. चार लोकांत तिनं मले हात लावला तो या जन्मात एवढाच.

आज स्वतः मेहकरच्या मोटारीनं गेले, त्याला काच बसवून आणायला. आत्याबाई सकाळपासून चुलीपुढून उठल्या नाहीत. जाऊबाईंनी ओसरीत खिळा ठोकून ठेवला आहे.

माझं पहिलं पत्र मनात धरू नको, दादा. सणाला ये, हात हलवत आलास तरी चालेल.
तुझी विमल