जिभेला चिकटतं ते हाड

७ जुलै

पोचले एकदाची! हार्लनदादा पेट्रोलपंपावर घ्यायला आला होता. ट्रकमध्ये मागे प्लॅस्टरची पोती आणि तागाचं कापड, पुढे माझ्यासाठी जपून ठेवलेली चेरीची पिशवी. धाकटी बहीण पस्तिशीला आली हे त्याला अजून पटलेलं नाही. आई गेल्यापासून आधी माझं ताट वाढायचं आणि मी चार घास खाल्ले की मग स्वतः बसायचं, हा त्याचा शिरस्ता. आज चेरीही मी खाल्ल्यावरच घेतल्या.

इतकी वर्षं दंतवैद्याकडे लोकांच्या कवळ्यांचे साचे ओतले, आता डायनासोरच्या दातांना प्लॅस्टर चढवायचं. बढतीच म्हणायची.

मुक्काम म्हणजे मोंटानाच्या उघड्याबोडक्या टेकड्यांत तीन-चार तंबू आणि चाकांवरचं एक पत्र्याचं घर, त्यातच स्वयंपाक. खोदकामाच्या प्रमुख बर्निसबाई, सत्तरीच्या, आवाज असा की टेकडीपलीकडची गुरं उठून उभी राहावीत. दादाचा जोडीदार ड्वेन, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. दादाने आल्या आल्या पहिला धडा दिला. हाडाचा तुकडा आणि दगड दिसायला सारखेच, मग चाटून बघायचं. दगड जिभेवरून घसरतो. हाडाला बारीक छिद्रं असतात, ते चिकटतं. ड्वेन म्हणाला, जपून हं ताई, मागच्या उन्हाळ्यात मी वाळलेलं शेण चाटलं, तेही चिकटलं, आणि मी दोन दिवस त्याला डायनासोर समजून कापसात गुंडाळून ठेवलं. हसून हसून माझं पोट दुखलं.

मी पण चाटलं. चिकटलं! मला इथे फार आवडणार आहे.

१० जुलै

जेवताना नुसती भांडणं. आमच्या खड्ड्यातल्या टी-रेक्सच्या बरगडीवर दातांचे चरे आहेत, आणि ते दात दुसऱ्या टी-रेक्सचेच. म्हणजे हे आपल्याच जातीचं मांस खायचे. पण मारून, की मेलेलं? दादा म्हणतो, मारून. ड्वेन म्हणतो, छट्, एवढं आठ टनांचं धूड कशाला धापा टाकत पळतंय, फुकटचं मढं दिसलं की बसत असेल. बर्निसबाई दोघांनाही झापतात, आधी पुरावा आणा, मग तोंड वाजवा.

अंगावर पिसं होती का, ठाऊक नाही. ते इवलेसे हात कशासाठी, ठाऊक नाही. पिल्लांना भरवत होते का, तेही नाही. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षांत तुम्हाला ठाऊक तरी काय झालं? त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. डरकाळी मात्र सिनेमावाल्यांची थाप असावी, असं त्यांचं मत. मगर घुमते, शहामृग घुमतो, तोंड मिटून, छातीतून. हेही तसेच घुमत असतील तर कानाच्या आधी पोटात जाणवत असेल, म्हणाल्या. दादाने लगेच तोंड मिटून घुमून दाखवलं. मी त्याला चमचा फेकून मारला.

१२ जुलै

कवटीच्या खाली दादाला एक हाड लागलं. काळपट आणि ओलं. अख्खी टेकडी कोरडी ठणठणीत असताना हे ओलं कसं, कुणालाच कळेना. इथला रिवाज असा की ज्याला सापडलं त्याने पहिल्यांदा चाटायचं, मग हाडाला नाव द्यायचं, मग बाकीच्यांनी आळीपाळीने. बर्निसबाई सामान आणायला गावात गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी हे ओलं हाड चाटू दिलं नसतं. दादाने जीभ लावली. चिकटत नाही, म्हणाला. ड्वेनने दोनदा चाटलं. मग मी, टोकाने. जीभ चावल्यावर येते तीच चव. मी थुंकले, ड्वेन हसला. दादा हसला नाही. त्याने हाड पुन्हा तोंडाशी नेलं.

बाई परतल्यावर त्यांना दाखवलं. मोजक्या काही हाडांत मऊ, ताणल्या जाणाऱ्या शिरांसारखं काहीतरी मिळालं आहे, ते मूळचं की नंतर शिरलेल्या जिवाणूंचा बुळबुळीत थर, यावर अजून वाद चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. चाटलं म्हटल्यावर त्यांनी आम्हाला गाढवं म्हटलं आणि समोर उभं राहून चुळा भरायला लावल्या.

१३ जुलै

वादळी पाऊस झाला. इथली माती भिजली की चाकांना अशी धरते की देव ढकलायला आला तरी गाडी हलत नाही. वाळेपर्यंत कुणी येणार नाही, कुणी जाणार नाही. फोनला तर इथे रेंजच नाही.

दादाने पॅनकेक हुंगून बाजूला सारले. ड्वेनने बेकन कच्चंच खाल्लं, ताटात तोंड घालून, दोन्ही हात छातीशी दुमडून. मला वाटलं, थट्टा. बाईही हसल्या. मग त्याने पत्र्याच्या ताटाचा काठ चावला. दात तुटला. तो त्याने गिळला.



१५ जुलै

ज्यांच्या जमिनीत आम्ही खणतो ते म्हातारे अमोस घोड्यावरून आले. त्यांचं वासरू फाडलेलं सापडलं. इथले कोयोट कोल्हे आधी पोट फोडतात, पण याचं डोकंच चावून काढलंय, असं ते सांगत होते. बोलणं संपायच्या आत ड्वेनने घोड्याच्या मानेत दात रोवले. घोडा किंचाळला, कोसळला. अमोसची बंदूक त्याच्या अंगाखाली गेली.

दादा धावला. मला वाटलं, सोडवायला. त्याने ड्वेनचा गाल सोलून काढला. मांसासाठी. दोघं तोंडाला तोंड भिडवून एकमेकांचा जबडा धरत होते, हात छातीशी तसेच दुमडलेले. बर्निसबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. टी-रेक्सच्या कवट्यांवर चाव्यांच्या खुणा नेमक्या इथेच, जबड्यावर असतात गं सिग्ने, असं मला म्हणाल्या. अमोसनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

मग ते दोघं घोडा खायला बसले. माझा भाऊ. मी पडदा ओढून घेतला.

१६ जुलै

दुपारी अमोस बंदूक काढायला गेले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, पोरी, मी लांडगे हाकललेत.

ड्वेनने त्यांना मागून — मानेच्या मुळाशी. डोकं हलवलं आणि झालं. बाई कुदळ घेऊन बाहेर धावल्या. सत्तर वर्षांची बाई! ड्वेनच्या टाळक्यात घातली. तो पडला, उठला नाही. मग दादा. आधी खांदा, मग गळा. त्या त्याला नावाने हाक मारत होत्या. हार्लन, बाळा, मी आहे रे. आवाज थांबला तरी तो थांबला नाही. मी दार लावून घेतलं.

कालचा घोडा तिथेच कुजतोय. काल संध्याकाळपासून कुणी तोंड लावलेलं नाही. दादा ड्वेनच्या मढ्यालाही ओलांडून गेला. त्याला जिवंतच लागतं. वाद मिटला. बाई, पुरावा आणला —

१७ जुलै

दादा दारासमोर बसून आहे. घुमतो. आधी पोटात जाणवतं.

सकाळी पायरीवर सशाचं मागचं अंग होतं. मी काठीने ढकललं. त्याने दातांनी उचलून परत ठेवलं, मागे सरकला, बसला. स्वतः खाल्लं नाही. माझ्याकडे बघत राहिला.

आधी माझं ताट. अजूनही. दादा रे. भीती नाही वाटत मला तुझी, रडू येतंय.

१८ जुलै

माती वाळत आली. ट्रकची किल्ली इथेच, खिळ्याला. पळता येईल. पण मी गेले की पोलीस येतील आणि त्याला पिसाळलेल्या कुत्र्यासारखी गोळी घालतील. मला दुसरं आहे कोण? उद्या त्याला दोराने बांधेन. प्लॅस्टरमध्ये जखडेन, ते तरी मला येतं. दवाखान्यात नेईन. नेणारच.

बीन्सचा डबा उघडला. ओकले. पाव ओकले.

पायरीवरचा वास येतोय. वाईट नाही येत.

१९

खाल्लं. थोडंच. कोमट होतं — हात लागले नाहीत —

मग त्याने खाल्लं.

दोर कुठे ठेवला आठवत नाही. बोटं दुमडतात. पेन्सिल निसटते.

दुपार

हॉर्न. अमोसची बायको, लॉटीकाकू. रस्ता वाळला म्हणून नवऱ्याला शोधत आली. वळणावर गाडी लावून चालत येतेय, हातात झाकलेलं भांडं. हाका मारतेय. अमोस, मेल्या, घर आहे का विसरलास? पोरांनो, माझा म्हातारा कुठे लपवलात?

ओरडायला हवं. काकू, मागे फिरा. एवढंच. एवढं केलं तरी मी अजून मीच —

तोंड उघडत नाही. छातीतून आलं.

ती थांबली. पोटावर हात ठेवला. तिला जाणवलं.

दादाने वळून माझ्याकडे बघितलं. किती आनंदाने बघितलं.

दार उघडं आहे. मीच उघडलं असेन. दादा डावीकडून निघाला, वाकून, हळू. मग उजवीकडून मी —