शेर पडला, उचला की!

परंडा, आषाढ शके १८७०

तीर्थरूप सिद्धेश्वरअण्णांस,

धाकट्या बहिणीचे, शांतम्माचे, शरणु शरणार्थी. बार्शीच्या हवेत तुमचा दमा कसा आहे? वहिनींचा गुडघा? आम्ही दोघं बरी आहोत (म्हणजे वेळेला जेवतो).

इकडची मोठी बातमी अशी, की आमचा शेर पडला. हे मी ओट्यावर बसून सांगितलं, तर शेजारच्या धुरपदाबाई म्हणाल्या, "अवं, पडला तर उचला की! पितळंचा हाय न्हवं? पोचा आला असंल, दुसरं काय!" ज्वारी मापून विकणाऱ्याच्या घरात शेर म्हणजे मापच. हा शेर कागदाचा, हैदराबादेच्या एका गिरणीतल्या भागीचा, हे मलाच यांनी तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. निजामाचं राज्य राहतं की जातं, या धास्तीनं लोक सरकारी रोखेसुद्धा विकतायत. शंभराचा रोखा ऐंशीला मिळतो, व्याज मात्र पूर्वीचंच पाच. म्हणजे नव्यानं घेणाऱ्याला व्याज चढंच पडलं. सरकारी कागद एवढं देत असताना गिरणीच्या शेराला कोण विचारतो? त्यातून दिवाळीला गिरणी कुणाच्या राज्यात असेल, हे तिच्या मालकालाही ठाऊक नाही. (धुरपदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरी पण उचलून ठिवा.")

रझाकारांच्या भीतीनं निम्मी गल्ली तुमच्याकडं बार्शीला आली. (तुमच्याच ओसरीत किती आहेत, बघा.) हे मात्र हलत नाहीत. "भाव वर येऊ दे, शेर विकू, मग निघू." मी म्हणाले, भाव म्हणजे काय भिजवलेले हरभरे, झाकून ठेवले की फुगायला? तर हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग रोजच्यासारखे मळ्यात गेले. आपल्या महानंदाला तिथंच मातीत ठेवलंय. पंधरावं नुकतंच लागलं होतं पोरीला.

तुमची,
शांतम्मा

ता. क. खरं काम राहिलंच. गुंडाप्पा तेली उद्या हे पत्र घेऊन येतील. त्यांच्याच हाती यांच्या नावे दोन ओळी पाठवा, की भाव चढला. खोटं असू दे. म्हणजे हे निघतील.

पुन्हा ता. क. पत्र यांनी वाचलं. (चष्मा शोधताना सापडलं म्हणे.) रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तसं नको लिवायला सांगू. भाव चढला तर इकावं लागंल." शेर महानंदाच्या नावचे आहेत, अण्णा. विकायचे तर कागदावर तिच्या नावापुढं 'मयत' लिहून बापानं सही करायची. मी म्हणाले, नाही विकायचे. तसेच घेऊन जाऊ. तेव्हा सोमवारी गाडी जुंपायला कबूल झाले. मळ्यात दिवा लावायचं धुरपदाबाईंनी पत्करलंय. कागद मी पोरीच्या परकरात गुंडाळून घेतलेत.

तर तुम्ही खरं तेच लिहा, भाव पडलाय म्हणून. पडलेलाच राहू दे.