दोरवाल्यांची खुर्ची

मंगळवार, ४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. परतीचा प्रवास ठीक झाला. गाडीत बसायला जागा मिळाली. घरी आले तर मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. गुडघा कुरकुरतो पण चालतो. तुझ्या बायकोला सांग, तिने दिलेला डबा धुऊन ठेवलाय, कुणी येणारं असेल तर पाठवीन.

रीतीचं एवढं झालं. पुढचं उभ्याने वाचू नकोस, बस. फक्त त्या खुर्चीवर बसू नकोस.

रविवारी तुमच्या मंडळाची बैठक मी पहिल्यांदाच पाहिली. तुम्ही स्वतःला जुन्या लाकूडसामानाचं अभ्यास मंडळ म्हणवता. मी मनात पालथं मंडळ म्हटलं, कारण समोर आलेली प्रत्येक वस्तू तुम्ही आधी पालथी घालता आणि तिच्या पोटाखाली डोकी खुपसता. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला मजा वाटली. त्या शिक्षिकाबाईंनी आणलेली तिवई मी हातात घेऊन पाहिली. डोंगराकडच्या घरांत जमीन उंचसखल, म्हणून तिथे तीन पाय. सपाटीवर आलं की चार. हे तू किती छान समजावून सांगितलंस! गावोगाव हिंडायचं, लोकांच्या घरात जायचं, ‘यावर बसायचं कोण?’ हे आधी विचारायचं आणि मगच तोंड उघडायचं, हा मंडळाचा नियम आणि तो तूच घालून दिलेला, असंही कुणीतरी मला सांगितलं. मला अभिमान वाटला. तो चहा ओतून होईपर्यंत टिकला.

मग तू आतून आईची खुर्ची आणलीस.

‘आईची’ हा शब्द तू काढला नाहीस. म्हणालास, “हा माझ्या संग्रहातला सगळ्यात महत्त्वाचा नमुना.” मग तिला पालथी घातलीस आणि सुरू झालास. उजवा हात नाही, पण तो तुटलेला नाही, मुद्दाम कापलेला आहे. का? तर दोर वळणाऱ्याचा उजवा हात मोकळा फिरावा म्हणून. डाव्या हातावर खोल खाच आहे. ती कशाची? वर्षानुवर्षं ओढलेल्या दोराची. बैठकीच्या दोन्ही बाजूंना खिळे आहेत. ते हत्यारांची पिशवी टांगायला. कापलेल्या जागी मेण आहे. ते लाकूड जपण्याची जुनी स्थानिक पद्धत. “मंडळी, दोरवाल्यांची खुर्ची हा प्रकार आजवर कुणी नोंदवलेलाच नाही!” आणि तो काप थोडा तिरका आहे, त्यावर तू काय बोललास ते आठवतं? “इथे कारागिराचा आत्मविश्वास दिसतो.”

मंडळाचे अध्यक्ष वकील असले तरी माणूस सरळ दिसला. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, “तुमच्या घरी हिच्यावर कोण बसायचं?” मी कपबशा घेऊन दारातच उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. म्हणालास, “घरात कुणीच नाही. माळ्यावर पडून होती.” आणि वर, “ही माझी ताई, आजचा चहा तिच्या हातचा.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. तिथेच बोलायला हवं होतं, पण भावाची पत परक्या लोकांसमोर घालवायची नाही, हे मला आईने शिकवलंय. तुला काय शिकवलं होतं तिने, कुणास ठाऊक.

तर ऐक आता. तो आत्मविश्वास असलेला कारागीर मी आहे.

आईची उजवी बाजू गेली तेव्हा तिला पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागायची. घरात मी एकटी. खुर्चीचा हात मध्ये यायचा, तिची मांडी त्यावर घासून सोलवटून निघायची. एक दिवस मी बाबांची गंजकी करवत काढली आणि उजवा हात कापून टाकला. मग पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये कपाटाची जुनी फळी टाकून तिला सरकवता यायला लागलं. काप तिरका गेला, कारण मी जन्मात कधी करवत धरली नव्हती. तिला कुसळं टोचू नयेत म्हणून वरून कानस मारली आणि मेणबत्ती घासली. घरात होती ती, दिवे गेल्यावर लावायची. आणि ते खिळे बाबांच्या जुन्या पट्ट्यासाठी. पट्टा कमरेवरून ओढून घेतला नाही तर आई पुढे घसरायची.

ही तुझी स्थानिक पद्धत.

त्या सगळ्या काळात तू फोनवरून सल्ले द्यायचास. हवेची गादी घे, अमुक तेल चोळ, चांगली बाई लावून टाक. उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्यासारखा पटाईत दुसरा नाही. एकदा आलास तो बाहेरच्या खोलीत बसलास. “ती झोपलीय का? झोपू दे मग,” म्हणालास. ती जागी होती. तुझा आवाज ऐकून मला डोळ्यांनी खुणावत होती. मी तुला सांगेपर्यंत तू चपला घातल्या होत्यास.

ती गेल्यावर तू म्हणालास, “मला काही नको ताई, आठवण म्हणून फक्त ती खुर्ची दे.” मला भरून आलं रे. वाटलं, आला नाही तरी याला सगळं कळत होतं. स्वतःच्या हाताने पुसून, चादरीत गुंडाळून दिली मी ती. तुला ती एक विचित्र खुर्ची म्हणून हवी होती, हे मला रविवारी कळलं.

तुझ्या बायकोकडून समजलं की ती आता संग्रहालयात जाणार, खाली पाटी लागणार आणि तुझा लेखही छापला जाणार. ते मी होऊ देणार नाही. ज्या खुर्चीत माझ्या आईने आयुष्याची शेवटची वर्षं काढली, तिला कुण्या नसलेल्या दोरवाल्याची म्हणून लोक पाहणार नाहीत. पाटी बदल, नाहीतर खुर्ची परत पाठव. ती खाच कशाने पडली, ते मी आत्ता लिहीत नाही. लिहायला बसले तर हे पत्र पाठवण्याजोगं राहणार नाही.

तुझी,
ताई


रविवार, १६ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधे मंडळाची नदीपलीकडच्या गावाला भेट होती. तिथल्या पाळण्यांचे दांडे वेगळेच आहेत. असो.

तू चिडली आहेस आणि तुझं बरंचसं बरोबर आहे. मी तुला विचारायला हवं होतं. पण एक गोष्ट शांतपणे समजून घे. वस्तूला एकापेक्षा जास्त आयुष्यं असतात. ही खुर्ची आजोबांच्या काळातली, त्यांनी ती कुठून आणली ते कुणालाच माहीत नाही. हात तू कापलास असं तू म्हणतेस, कदाचित आधीच अर्धवट कापलेला असेल आणि तू तो पुरा केला असशील. डावीकडची खाच इतकी खोल आहे की ती दोन-चार वर्षांत पडणं शक्य वाटत नाही. माणसं विसरतात, लाकूड विसरत नाही, हे मी नेहमी सांगतो, ते तुला लावून नव्हे.

लेख छापायला गेला आहे. संग्रहालयाचं पुढच्या महिन्यात नक्की होईल. मी असं करू शकतो, पाटीवर खाली एक ओळ घालतो: ‘घरगुती आठवणीनुसार पुढे आजारी व्यक्तीसाठी वापर.’ कापलेला हात मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती, काप जुळवून पाहता आला असता. पुराव्याशिवाय मंडळासमोर शब्द मागे घेणं मला कठीण आहे. माझी अडचण समजून घे.

माळ्याचं मी का बोललो ते मलाही कळलं नाही. वकिलांनी विचारलं आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. आईला त्या खुर्चीत मी पाहिलंच नाही कधी. मला त्या खोलीत यायला जमत नव्हतं, ताई. तू धीट आहेस. आणि तेव्हा तू फोनवर नेहमी म्हणायचीस, ‘आई बरी आहे, तू तुझं काम कर.’

गुडघ्याला शेक दे.

तुझा,
धाकटा


गुरुवार, २० मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहिणार होते, राहू दे.

गुडघ्याला शेक दे म्हणे. तू नाही सुधारायचास.

‘आजारी व्यक्ती’. तुला आई हा शब्द लिहायला एवढा जड जातो? तुझ्या पाटीवर दोरवाला मोठ्या अक्षरांत आणि तिला खाली बारीक ओळीत जागा, तीही घरगुती आठवणीनुसार! घरगुती आठवण म्हणजे मी. तिला उठवणारी, बसवणारी, पुसणारी. तू पाळण्याचे दांडे बघायला नदी ओलांडून जातोस, अनोळखी म्हातारीसमोर मांडी घालून बसतोस, ती बोलेल ते खरं मानून लिहून घेतोस. मी तुझी सख्खी बहीण म्हणून पुरावा आणायचा. आणि लाकूड विसरत नाही हे खरं आहे. त्याने काहीच लपवलं नव्हतं. माळा तू मधे आणलास.

खाचेचं ऐकायचंय ना? ऐक.

आईचा डावा हात चालायचा. त्याच्या बोटात तिची अंगठी होती, खड्याचा एक काटा वर आलेली. खुर्ची मी खिडकीशी लावायची, कारण तिला फाटक दिसायला हवं असायचं. ती बसली की अंगठी लाकडावर घासायला लागायची, पुढे-मागे, पुढे-मागे. मला ते ऐकून वेड लागायची पाळी यायची. फाटक वाजलं की आवाज थांबायचा. दूधवाला असायचा, नाहीतर शेजारची. मग पुन्हा सुरू. बोलता येत नव्हतं तिला धड, पण तुझं नाव मात्र स्पष्ट यायचं. दोन-चार वर्षांत एवढी खोल खाच पडत नाही म्हणतोस. तू दिवसभर कुणाची वाट पाहिली नाहीस, म्हणून तुला तसं वाटतं.

आणि फोनचं काढलंस ते बरं केलंस. तू एका रविवारी नक्की येतो म्हणाला होतास. सकाळी तिला आंघोळ घातली, ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले. तिने स्वतः डाव्या हाताने आरसा मागितला. फोन दुपारी आला. कुठल्याशा गावात कोरीव पेटी सापडली होती, मालक ती दुसऱ्या दिवशी विकणार होता, मंडळाला लगेच निघायला हवं होतं. “आई कशी आहे?” तू विचारलंस. मी म्हणाले, बरी आहे, तू तुझं काम कर. दुसरं काय म्हणणार होते? ती माझ्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर मी तिला सांगितलं, त्याला काम निघालं. तिने मान हलवली. पण अंधार पडला तरी पलंगावर यायला तयार होईना. मी फळी टाकली की खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवायची. कपडेही बदलू दिले नाहीत. शेवटी तिथेच बसल्या बसल्या डोळा लागला तेव्हा मी तिला फळीवरून पलंगावर घेतलं.

त्यानंतर ती कधी खिडकीशी बसव म्हणाली नाही. पलंगावरच पडून राहिली, आणि तशीच गेली. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. वाटायचं, तुला आयुष्यभर टोचत राहील. आता टोचू दे.

तुझी ती पेटी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहिली. बैठकीच्या खोलीत, फुलदाणीखाली. छान आहे.

आता पुराव्याचं. कापलेला हात माझ्याकडे आहे. मी काही फेकत नाही, तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी तो फटीत खुपसत होते. काल काढला, धुतला, वाळवला. काप जसाच्या तसा आहे, तिरका. तुझ्या खुर्चीला लावशील तर केसभर फट राहणार नाही. लेख थांबवायचा की नाही, पाटीवर काय लिहायचं, ते मग तू आणि तुझी मंडळी ठरवा. वकिलांनाही मी हे सगळं आजच स्वतंत्रपणे कळवलं आहे. नियम तुझाच आहे ना, घरच्यांना आधी विचारायचं? मी घरची आहे.

तो हात पोस्टाने येणार नाही आणि मी आणून देणार नाही. आईच्या खोलीत, तिच्या पलंगावर ठेवलाय. हवा असेल तर खुर्ची घेऊन ये, बाहेर चपला काढ आणि त्या खोलीत जाऊन स्वतःच्या हाताने उचल. खिडकी उघडी आहे. फाटक अजून वाजतं.

मी कामात असेन.

वाट न पाहणारी,
तुझी ताई