फ्लेक्सवरच्या कांताबाई

कोथरूड,
४ जानेवारी २०२६

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

करसल्लागार बहिणीचं फोनवरचं बोलणं तुझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून लिहूनच देते. गरजूंना कानाची मशीनं फुकट द्यायची तुझी कल्पना मला फार आवडली. पण नुसती देणगी दिलीस, तर तू निवडलेल्या नव्या करपद्धतीत तिची वजावट मिळत नाही. त्याऐवजी एखाद्या ट्रस्टबरोबर तुझ्या कानाच्या मशीनच्या दुकानाच्या नावानं मोफत वाटपाचं शिबिर घेतलंस, तर तो जाहिरातीचा खर्च धरता येतो आणि धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो. मात्र जाहिरात खरोखर जाहिरात दिसली पाहिजे. चांगला मोठा फ्लेक्स लाव. नुसतं नाव कोण वाचतं? मशीन मिळालेल्या एखाद्या बाईंचा हसरा चेहरा टाक. तुझा नको, गिऱ्हाईक पळेल.

वहिनींना जय भीम, निकिताला पापा. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
दीपाली

बिबवेवाडी,
९ फेब्रुवारी

प्रिय दीपाली,
सप्रेम जय भीम.

शिबिर छान पार पडलं. फ्लेक्सवर कोण आहे सांगू? समोरच्या सोसायटीतली लहान मुलं सांभाळणाऱ्या कांताबाई. कितीतरी वर्षं त्यांना जेमतेमच ऐकू येत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. मूल झोपलं की त्याच्या अंगावर हात ठेवून बसायच्या. रडणं हाताला कळायचं. मशीन लावल्यावर पंख्याच्या आवाजानं आधी दचकल्या, मग अशा हसल्या की मी फोटोच काढला. फ्लेक्सवर लावू का विचारलं, तर लाजून हो म्हणाल्या. वर लिहिलंय, ‘कांताबाईंना आता ऐकू येतं!’ खाली दुकानाचं नाव. लोक चौकात थांबून वाचतात, दुकानात चौकशीही वाढलीय. तुझी फी म्हणून आईच्या हातचे लाडू पाठवतोय. पावती मागू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
चेतनदादा

कोथरूड,
२ मार्च

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

माझी मैत्रीण स्पृहा त्याच सोसायटीत राहते. तिचा वरद कांताबाईंकडे असायचा. असायचा म्हणते, कारण तुझा फ्लेक्स वाचून तिनं त्याला काढून घेतलं. आता ऐकू येतं म्हणजे इतके दिवस येत नव्हतं, असं ती म्हणाली. बाकीच्या आयांनीही तेच केलं. वरदला कधी ओरखडा तरी आला का, असं मी विचारलं, तर नाही म्हणाली. मग तिनंच मला विचारलं, तुझं मूल असतं तर तू ठेवलं असतंस का?

चेहरा टाक, हे मीच लिहिलं होतं. खर्च मंजूर होईल का एवढंच पाहिलं. त्या बाईंचं काय होईल, हे मनातसुद्धा आलं नाही. तू त्यांना भेट. रागावल्या तर ऐकून घे.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
दीपाली

बिबवेवाडी,
८ मार्च

प्रिय दीपाली,
सप्रेम जय भीम.

फोनवर बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय. फ्लेक्स उतरवला. सोसायटीत घरोघर जाऊन सांगितलं की मशीन लावून त्यांना चांगलं ऐकू येतं. सगळ्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मूल मात्र कुणीच परत पाठवलं नाही. दोष एकटीवर घेऊ नकोस. फ्लेक्सवरचं ते वाक्य माझं होतं, आणि मला ते फार आवडलं होतं.

मग कांताबाईंकडे गेलो. दुकानात बसा, लोकांना मशीन लावायला शिकवा, पगार देतो म्हटलं. नको म्हणाल्या; आता कुणासमोर बसायचं नाही. लेकीकडे भोरला चालल्यात. मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मशीन चांगलंच आहे. आईनं नेलं त्या दिवशी वरद तिच्या कडेवरून आजी, आजी म्हणून हाका मारत होता. जिना उतरून पार खाली जाईपर्यंत ऐकू येत होता. पूर्वी कळलंही नसतं.

माया असू दे.
चेतनदादा