शेवटचं कडवं

धाकट्या,

लष्कराच्या चौकशी मंडळाने मला एकच प्रश्न विचारला होता. युद्धावर जायला नकार देणाऱ्या तुमच्या मुलाला लहानपणापासून हिंसेचा तिटकारा होता का? मी लिहिलं, "आठवत नाही." त्यावरून त्यांनी ठरवलं की तू ऐनवेळी कच खाल्लीस, आणि तुला कोठडीत टाकलं.

मला सगळं आठवतं रे. पाचवीचा वर्ग, फळ्यावर सरकणारा उन्हाचा कवडसा, आणि सेनापतीची ती कविता, जी शिकवताना माझाच ऊर भरून यायचा. तू खड्या आवाजात म्हणत गेलास आणि शेवटच्या कडव्यापाशी, जिथे शत्रूचं गाव पेटतं, तिथे थांबलास.

"बाबा, त्या घरांत कोण होतं?"

"वर्गात गुरुजी म्हणायचं. चल, पुढे म्हण."

"गुरुजी, मी नाही म्हणणार."

पोरं खिदळली. माझे कान तापले. घंटा होईपर्यंत मी तुला बाकावर उभं केलं. तू रडला नाहीस आणि ते कडवंही म्हटलं नाहीस.

एवढं कळवलं असतं तर कदाचित तू आज घरी असतास. पण तुझ्या त्या पहिल्या नकाराला शिक्षा देणारा मीच होतो, हे माझ्या हाताने लिहवेना.

सोमवारी तुझं अपील आहे. हे पत्र तुला पाठवत नाही, कारण हे आधी मंडळासमोर जाऊन सांगायचं आहे. त्यांनी खुर्ची दिली तरी मी बसणार नाही.

तुझा गुरुजी नव्हे,
बाबा